भरतीरेषेच्या वर

कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर बोनेर नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या किनारी रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड दिसतात. एकेका दगडावर एकेका जागेचं नाव लिहिलेलं असतं. सकाळी लोक तिथे गाडी थांबवतात, पाठीवर हवेची टाकी चढवतात आणि चालतच पाण्यात उतरतात. होडी लागत नाही, नावाडी लागत नाही. काठापासून थोडं पोहून गेलं की प्रवाळांची उतरण सुरू होते. थेट किनाऱ्यावरून बुडी मारता येईल अशा पन्नासहून जास्त जागा या बेटावर आहेत. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये बोनेरची ख्याती आहे ती यामुळेच.

या बेटाने आपल्या समुद्राची काळजी फार लवकर घ्यायला सुरुवात केली. भाल्याने मासे मारायला 1971 मध्येच बंदी आली. 1975 मध्ये प्रवाळांना कायद्याचं संरक्षण मिळालं. 1979 मध्ये बेटाभोवतीचं सगळं पाणी, भरतीरेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान झालं. तिथे प्रवाळांवर नांगर टाकता येत नाही. बोटी ठरलेल्या बोयांना बांधाव्या लागतात. डायव्हरला हातमोजे घालायलाही मनाई आहे, कारण हातमोजा असला की माणूस बेफिकीरपणे प्रवाळ धरतो. उद्यानाच्या देखभालीसाठी 1992 पासून डायव्हरकडून शुल्क घेतलं जातं. पाण्यात उतरणाऱ्या माणसाचे हात कुठे लागतील, इथपर्यंत ज्यांनी विचार केला, त्यांच्याबद्दल मनात आदर वाटतो.

आणि तरीही बोनेरचे प्रवाळ आज अडचणीत आहेत. समुद्राचं पाणी जगभर तापतं आहे. ज्यात प्रवाळांच्या ऊती गळून पडतात असा एक रोग 2023 मध्ये या बेटापर्यंत पोहोचला. ही संकटं दुरून आली. एकट्या बोनेरला ती थांबवता येणार नाहीत. पण एक संकट जवळचं आहे, आणि ते भरतीरेषेच्या वर, जमिनीवर उभं आहे.

बोनेरला वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो. पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत राहतात आणि पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला शांत असतो. ही शांतता प्रवाळांना मानवली. डायव्हर तिथेच उतरतात, आणि हॉटेलं, रिसॉर्टं, भाड्याचे बंगले यांनाही नेमकी तीच जागा हवी असते. 2010 च्या सुमारास बेटावर साधारण 16 हजार माणसं राहत होती. आता हा आकडा 25 हजारांवर गेला आहे. पाहुणे आणखी वेगळे. या सगळ्यांची न्हाणीघरं, स्वयंपाकघरं आणि संडास त्या शांत पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

प्रवाळांच्या समुद्रातलं पाणी नितळ असतं, कारण त्यात पोषकद्रव्यं फार कमी असतात. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि आपल्या यजमानालाही देतं. त्यामुळे पाण्यातल्या टंचाईतही प्रवाळाचं भागतं. आपलं सांडपाणी ही टंचाई मोडतं. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस मोकळ्या वाढणाऱ्या शेवाळाला खतासारखे लागू पडतात. शेवाळ भराभर पसरतं. डोंगरासारखे गोल वाढणारे प्रवाळ मात्र वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, आणि या शर्यतीत ते मागे पडतात. बोनेरची जमीन सच्छिद्र चुनखडीची आहे. टाकीत किंवा खड्ड्यात सोडलेलं पाणी तिथे थांबत नाही. खडकातून झिरपत समुद्राला मिळतं. नजरेला ना ओहोळ दिसतो, ना घाण. बगीच्याला रोज पाणी घातलं जातं, चादरी रोज धुतल्या जातात, आणि ज्या प्रवाळांची छायाचित्रं स्वागतकक्षात लावलेली आहेत, त्यांच्यापर्यंत ते सारं पोहोचतं.

वाळूचंही तसंच. बोनेरचा बराचसा किनारा खडकाचा आणि प्रवाळांच्या तुकड्यांचा आहे. पाहुण्यांना मात्र पायाखाली मऊ वाळू हवी असते. मग बाहेरून वाळू आणून किनाऱ्यावर अंथरली जाते. जी पुळण समुद्राने स्वतः घडवलेली नाही, ती टिकवण्याची त्याच्यावर सक्ती नसते. मोठा पाऊस आला, उलट दिशेने वादळ आलं की ती उतरणीवरून खाली जाते, पाणी गढूळ करते आणि प्रवाळांवर बसते. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये लेनी नावाचं चक्रीवादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलं. त्याच्या लाटांनी याच आडोशाच्या किनाऱ्यावरचे उथळ पाण्यातले प्रवाळ मोडले. एरवी शांत असणारं पाणी कायम शांत राहील असं धरून चालता येत नाही, हे त्या वर्षी दिसलं.

रात्रीचा विचार तर आपण करतच नाही. कित्येक जातींचे प्रवाळ वर्षातल्या ठरावीक दिवसांत, उन्हाळ्याअखेरच्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतात. ती वेळ त्यांना चंद्रप्रकाशावरून कळते. वाळूतून बाहेर पडणारी कासवाची पिल्लंही क्षितिजावरचा उजेड पाहून समुद्राची दिशा धरतात. किनाऱ्यावर रात्रभर दिवे जळत राहिले तर या दोघांचीही फसगत होते.

बोनेरच्या लोकांनी हे ओळखलं नाही असं नाही. युरोपीय निधीच्या मदतीने किनारपट्टीतल्या हॉटेलांचं आणि घरांचं सांडपाणी गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची योजना तिथे उभी राहिली. शेवाळ खाणाऱ्या पोपटमाशांना पकडण्यावर 2010 मध्ये बंदी आली. त्याहूनही मोठी गोष्ट त्याआधी घडली होती. राजधानी क्रालेनडाइकच्या समोर, किलोमीटरभराच्याही आत, क्लाइन बोनेर हे निर्मनुष्य बेट आहे. ते खासगी मालकीचं होतं आणि तिथे पर्यटनवस्ती उभारण्याचे बेत होते. 1999 मध्ये हे बेट जनतेसाठी विकत घेतलं गेलं, ते तिथे काहीही बांधलं जाऊ नये म्हणून. आज कासवं तिथे अंडी घालतात. आपल्याकडे विकास मोजताना उभ्या राहिलेल्या इमारती मोजतात. न बांधण्याचा निर्णयसुद्धा एका समाजाचं कर्तृत्व असू शकतो, हे या बेटाकडे पाहून पटतं.

हे आठवलं की माझं मन मालवणकडे वळतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. तिथलं सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झालं आणि 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. डायव्हिंगमुळे मालवण-तारकर्लीच्या कितीतरी घरांत चार पैसे आले, मुलांना गावातच काम मिळालं, आणि ते मोलाचं आहे. म्हणूनच काळजी वाटते. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामाला मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आणायची मुभा 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दिली आहे. इमारती जितक्या पुढे सरकतील, तितके त्यांचे शोषखड्डे समुद्राच्या जवळ जातील. कुंपणं पुढे आली की रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणाऱ्यांना पुळणीवर जागा उरणार नाही. किनाऱ्यावरून बुडी मारणाऱ्याला आणि रापणकराला, दोघांनाही जमिनीवरून पाण्यापर्यंत जाणारी मोकळी वाट लागते.

पाण्यात उतरणाऱ्याला शिस्त लावणं त्या मानाने सोपं आहे. तो दिसतो, त्याला नियम सांगता येतो, दंड करता येतो. काठावर झोपलेल्याचं काय करायचं? तो प्रवाळाला कधी हात लावत नाही, कदाचित समुद्रात पाऊलही टाकत नाही, तरी त्याची आंघोळ, त्याचा दिवा, त्याच्या खिडकीखालची आयती वाळू पाण्याखाली जाऊन पोहोचते. भरतीरेषा नकाशावर आखलेली असते, सागरी उद्यानाचा कायदा तिच्यापाशी थांबतो, पाणी थांबत नाही. समुद्र राखायचा तर त्याची सुरुवात जमिनीवर, आपल्या मोरीपासून करावी लागते.

आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत कोकणात, गोव्यात किंवा आणखी दूरच्या किनाऱ्यावर जातील. खोली घेताना आपण विचारतो, "खिडकीतून समुद्र दिसतो का?" त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारू या: "इथलं सांडपाणी कुठे जातं?" उत्तर नीट मिळालं नाही तर थोडी लांबची, थोडी साधी जागा पत्करू या. एकाने विचारलं तर मालक कदाचित हसेल. येणारा प्रत्येक पाहुणा विचारू लागला, तर त्याला आधी सांडपाण्याची सोय करावी लागेल, मग खोल्या वाढवाव्या लागतील.