शब्द उच्चारला, पण पोचला काय?

इंग्रजीतील ‘फ्रीझ’ या क्रियापदाने पाणी गोठते, भयाने माणूस थिजतो, कायद्याने बँकेतील खाते गोठविले जाते. आणि पिस्तूल रोखून तोच शब्द उच्चारला, तर ‘जागचा हलू नकोस’ असा त्याचा अर्थ होतो.

१७ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत बॅटन रूज येथे योशिहिरो हत्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी मेजवानीस जाताना चुकून भलत्याच दारी गेला. घरमालकाने ‘फ्रीझ’ म्हणून दरडावले. मुलगा पुढे येत राहिला आणि गोळीस बळी पडला. १९९३ मध्ये ज्यूरीने मालकास निर्दोष ठरविले. १९९४ मध्ये दिवाणी न्यायालयाने साडेसहा लाख डॉलरांवर भरपाई देवविली.

भ्यालेल्या माणसास अर्थ समजावीत बसण्याची सवड नसते, हे आम्ही जाणतो. तरीही इशारा उच्चारल्याने पुरा होत नाही, ऐकणाऱ्यास कळल्यानेच होतो. आणि ज्याच्या हाती शस्त्र, त्याच्या शिरी हे ओझे अधिक.

आम्ही वकीलही पक्षकारास न कळणाऱ्या भाषेत नोटिसा धाडतो. तेथे गोळी सुटत नाही, पण एखाद्याचे घर जाते. ‘आम्ही कळविले होते’ हे उत्तर न्यायासनापुढे चालेल. देवापुढे हात जोडताना ते पुरेल काय?