पाप कुणाचं, न्यूट्रल कुणाचं

नांदेडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. 2005 नंतरच्या भारनियमनात खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. ती वर्षं मी जळक्या वार्निशच्या वासात काढली. एक गोष्ट तेव्हाच पक्की कळली. लाईट नसताना काहीच जळत नाही. जळतं ते लाईट जाताना आणि येताना. गिऱ्हाईक आधी खर्च विचारतं, मग हमखास म्हणतं, "सगळ्या गल्लीत आमचंच कसं जळालं?" पहिल्याचं उत्तर मी लगेच देतो. दुसरा प्रश्न मात्र माझ्या चुलतीनं विचारला तेव्हा माझ्या जिव्हारी लागला.

काकू औसा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. एक दिवा, एक छोटा टीव्ही, उन्हाळ्यात पंखा, एवढाच तिचा वापर. बिल वेळेवर भरते, तारेवर आकडा कधी टाकला नाही, एकादशी कधी मोडली नाही. थंडीतल्या एका संध्याकाळी लाईट गेली आणि थोड्या वेळानं आली. आली ती काकूच्या घरात भक्कन. दिवा गेला, टीव्हीतून धूर निघाला, चार्जर वितळला. पलीकडच्या आळीत घरोघर हिटर आणि विजेच्या शेगड्या चालू होत्या, त्यातल्या काही आकड्यावरच्या. तिथं लाईट नुसती डिम झाली. फोनवर काकू म्हणाली, "आरं लेकरा, म्या कुणाचं काय वाईट केलं व्हतं? आकडेवाल्याचं कायबी जळंना, अन् माझंच कसं?"

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. लाईनमननं परमिट घेऊन डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, बंद केली, न्यूट्रलची तार सोडवून हातात दिली. लग निम्मी खाल्लेली, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, कडेला काळी काजळी. नट हातानं फिरत होता. सांधा कित्येक दिवस तापत असणार, त्या संध्याकाळी तो सुटला.

न्यूट्रल सुटलं की काय होतं ते सांगतो, कारण काकूच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये 400 च्या आसपास. न्यूट्रल शाबूत असेल तर प्रत्येक घराला आपापले 230 मिळतात. ते गेलं की एका फेजवरची घरं आणि दुसऱ्या फेजवरची घरं एकाच माळेत ओवली जातात आणि ते 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी सारखी होत नाही. जिथं लोड जास्त तिथं व्होल्टेज पडतं, जिथं लोड कमी तिथं चढतं. शेगडीवाल्यांना शंभर मिळाले तर एका दिव्यावर भागवणाऱ्या म्हातारीच्या घरात तीनशे घुसतात. जो कमी वापरतो त्याचंच जळतं. हा नियम मला तोंडपाठ होता, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा भयंकर वाटला.

असला प्रश्न आमच्या भागानं याहून फार मोठ्या दुःखात विचारलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. पाप वाढलं होतं म्हणून झालं, असं म्हणणारे तेव्हा मी कानांनी ऐकले. प्रत्यक्षात माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. झोपडीत, कुडाच्या घरात निजलेले कितीतरी वाचले. तिथं जड घर कोसळलं, इथं हलका लोड जळाला. यातून पापपुण्याचा कुठला हिशेब मांडणार?

1934 साली बिहारच्या भूकंपानंतर गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला उघड विरोध केला, आणि गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन'मध्ये छापून त्याला उत्तर दिलं. मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. जमीन हलते ती माणसाची नीती पाहून हलत नाही. पण संकट आलं की आपण सगळ्यांनी मिळून काय केलं ते तपासावं, ही गांधीजींची तळमळ मला सोडवत नाही.

आपण कर्माचा हिशेब मीटरसारखा धरतो. ज्याचं त्याचं मीटर, ज्याचं त्याचं बिल. पण डीपीवरचं न्यूट्रल सगळ्यांचं एकच असतं, आणि दुःखाचा मोठा भाग त्या वाटेनं येतो. शेतातल्या पंपांचंच घ्या. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगतं. कारण लाईट येताच सगळे पंप एकदम उठले की डीपीवर भार पडतो आणि ती जळते. प्रत्येकाला वाटतं आपलं पाणी आधी लागावं. जळाल्यावर ज्यानं ऑटोस्विच लावला नव्हता त्याचाही ऊस वाळतो. त्याला 'तुझं प्रारब्ध' म्हणणं मला अधर्म वाटतो.

काकूला हे सगळं सांगितलं तेव्हा पटलं, पण अर्धंच. "मग देव काय बघत बसला व्हता का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. रोज संध्याकाळी हरिपाठाला बसतो, तरी नाही. एवढं मात्र ठामपणे सांगतो की 'देवाच्या मनात होतं' म्हटलं की तो ढिला नट विसरला जातो. नट आवळणं हे माणसाच्या वाट्याचं काम, ते देवावर ढकलू नये.

तिला मी रीत लावून दिली. लाईट गेली की टीव्हीचा प्लग काढायचा, एकच दिवा चालू ठेवायचा. लाईट आली की त्याच्याकडे बघायचं. तो फार प्रखर झाला किंवा कमीजास्त व्हायला लागला तर मेन खाली पाडायचा आणि लाईनमनला कळवायचं. डिम असेल तर पंप लावायचा नाही, कमी व्होल्टेजवर त्याची मोटार जादा करंट ओढते आणि वायंडिंग तापतं. फ्रिजवाल्यांनी पाच मिनिटं थांबायचं, कॉम्प्रेसरमधला दाब उतरला नसेल तर तो अडून बसतो. मेनजवळ व्होल्टेज चढलं-पडलं की तोडणारा प्रोटेक्टर बसवला. आरसीसीबी असली की झालं, असं लोक समजतात. ती माणसाला झटक्यापासून वाचवते, चढलेल्या व्होल्टेजपासून टीव्हीला नाही.

प्रोटेक्टर बसवताना पलीकडच्या आळीतला एक शेगडीवाला बघत उभा होता. म्हणाला, "आमचंबी बघता का जरा?" गेलो. त्याच्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज घातलेला होता. तो उडाला की लाईट गेली असं वाटतं, पण फेज तशीच जिवंत असते, आणि घरातलं कुणीतरी निर्धास्त हात घालतं. फ्यूज काढून तिथं न्यूट्रल सरळ जोडलं, मग त्याच्याबरोबर आकड्याविषयी बोलत बराच वेळ बसलो.