कोरा कागद आणि खोडलेला कागद

रेखाटनासाठी फाउंटन पेन आणि शाई निवडताना पहिली चौकशी बहुधा टिकाऊपणाची होते. रेषा पाण्याने पसरेल का, उन्हाने उडेल का, पन्नास वर्षांनी दिसेल का? या चौकशीत दुसरा एक प्रश्न नकळत मिसळून जातो. रेषा टिकणे ही एक गोष्ट आणि काढलेली रेषा मागे घेता न येणे ही वेगळी गोष्ट. पेन्सिलीतले ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. त्यावर उजेडाचा आणि हवेचा परिणाम होत नाही, त्यामुळे जपलेल्या कागदावर ते शतकानुशतके जसेच्या तसे राहते. तरीही रबर फिरवले की निघून जाते. शाळेतल्या निळ्या शाईचे नेमके उलटे आहे. ती उन्हात फिकी पडते, थेंबभर पाण्याने ओघळते, पण रबराने घासली तर कागद फाटेपर्यंत रेषा हटत नाही. म्हणजे पेन्सिलीची रेषा टिकाऊ असूनही अंतिम नाही आणि निळ्या शाईची रेषा अंतिम असूनही टिकाऊ नाही. शाई निवडणाऱ्याला या दोन गुणांपैकी कोणता हवा आहे हे आधी ठरवावे लागते, आणि तिथे हा विषय दुकानाच्या फळीवरून उठून तत्त्वज्ञानात शिरतो.

भारतीय दर्शनांत या भेदाची सर्वांत काटेकोर मांडणी न्याय-वैशेषिकांनी केली. जगातल्या पदार्थांची गणना करताना त्यांनी 'नसणे' हाही एक पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या १७व्या शतकातल्या ग्रंथात ते थोडक्यात आले आहेत, आणि संस्कृत पाठशाळांतले विद्यार्थी अजूनही त्यापासूनच सुरुवात करतात. चारांपैकी दोन प्रकार इथे कामाचे आहेत. घडा घडण्यापूर्वी त्याचे जे नसणे असते तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण घडा तयार होताच त्याचा शेवट होतो. घडा फुटल्यावर त्याचे जे नसणे उरते तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, शेवट नाही. दोन्ही वेळी घडा नाहीच, तरी ही दोन 'नसणी' एक नव्हेत.

रेखाटनाच्या कागदाला हा विचार अचूक लागू पडतो. कोऱ्या कागदावर रेषेचा प्रागभाव असतो. पहिली रेषा उमटली की तो कायमचा संपतो. पुढे ती रेषा रबराने पुसली किंवा उन्हाने नाहीशी झाली तरी मागे उरतो तो प्रध्वंसाभाव. प्रागभाव परत येत नाही. खोडलेला कागद पुन्हा कोरा होत नाही, मग भिंग लावूनही त्यावर काही दिसत नसले तरी. नैयायिकांचा मुद्दा रबराने खडबडीत झालेल्या तंतूंचा किंवा पेन्सिलीच्या टोकाने उठलेल्या खाचेचा नाही. या खुणा राहिल्या नाहीत तरी त्यांचे म्हणणे कायम राहते, कारण ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे.

यावर गंभीर आक्षेप घेतला तो प्राभाकर मीमांसकांनी. त्यांच्या मते अभाव नावाचा वेगळा पदार्थ मानण्याची गरज नाही. घडा नाही याचा अर्थ नुसती जमीन आहे, एवढाच. या मताने पाहिले तर पुसून स्वच्छ झालेला कागद म्हणजे नुसता कागद. पूर्वी त्यावर काय होते याचा त्याच्या आजच्या असण्याशी संबंध नाही. मत सोपे आहे आणि चित्रकाराला दिलासा देणारेही आहे. पण रेखाटनाच्या अनुभवाशी ते जुळत नाही. ज्याने रेषा काढून पुसली, त्याच्यापुढे पुन्हा पहिला कागद येत नाही. एक शक्यता तपासून टाकून दिलेला कागद येतो, आणि पुढची रेषा त्या जाणिवेतूनच निघते. निदान या एका बाबतीत नैयायिकांचे पारडे जड वाटते.

पाश्चात्त्य परंपरेतही हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या सहाव्या भागात म्हटले आहे की घडून गेलेल्या गोष्टीविषयी कोणी विचारविनिमय करत नाही, आणि झालेले न झालेले करणे देवालाही शक्य नाही या अर्थाच्या आगाथोन कवीच्या वचनाची त्याने साक्ष काढली आहे. ११व्या शतकात पीटर डेमियन या इटालियन ख्रिस्ती संन्याशाने ईश्वराच्या सर्वशक्तिमानतेवर लिहिताना हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. पुढे थॉमस अक्वायनसने निर्वाळा दिला की भूतकाळ न घडलेला करणे ही गोष्टच परस्परविरोधी आहे, त्यामुळे ती न करता आल्याने ईश्वराच्या सामर्थ्याला कमीपणा येत नाही.

आता शायांकडे वळता येते. फाउंटन पेनमधल्या बहुतेक शाया म्हणजे पाण्यात विरघळलेले रंजक. त्या पेनाला मानवतात, धुऊन निघतात, आणि ओल्या कुंचल्याने रेषेवरून पाणी फिरवले की छटा देतात. पार्करची काळी क्विंक अशी पसरवली तर काळ्यातून निळसर आणि तपकिरी रंग वेगळे होतात. पुष्कळ रेखाटनकार ती त्यासाठीच वापरतात. उजेडापुढे मात्र हे रंजक दुबळे असतात. व्हॅन गॉगने १८८८ साली आर्ल इथे स्थानिक बोरू कापून जी रेखाटने केली, त्यांतल्या कित्येकांची शाई आज तपकिरी आणि फिकी झाली आहे. ती पाहणाऱ्यापुढे जे चित्र असते ते व्हॅन गॉगने पाहिलेले चित्र नव्हे, आणि तरीही हाताचा वेग, टिंबांची घनता, गवताच्या काडीला दिलेला झटका हे सगळे तिथे आहे. रंग गेला, कृती राहिली.

जर्मनीतल्या शाळांत निळी शाई उडवणारे पेन सर्रास वापरतात. त्यातले रसायन शाईच्या रेणूची रचना अशी बदलते की त्याला रंग राहत नाही. शाई कागदातच असते, फक्त दिसत नाही. न्यायाच्या भाषेत इथे रेषेचा नाश झालेलाच नाही, तिच्या एका गुणाचा झाला आहे.

लोह-शाईची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मायफळातले टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून ती बनते. कागदावर उतरताना ती फिकी असते. हवेतल्या प्राणवायूने हळूहळू काळी पडते आणि कागदाच्या तंतूंत रुतते. ब्रिटनमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी हीच शाई विहित होती. रोहरर अँड क्लिंगनरची सालिक्स किंवा डायमाइनची रजिस्ट्रार्स या तिच्या आजच्या, पेनाला चालतील अशा सौम्य आवृत्त्या. सुरुवातीला रेषा दिसावी म्हणून त्यांत रंजक घातलेले असते. पण जी शाई कागदाला सर्वांत घट्ट धरते, तीच त्याला खातेही. जुन्या लोह-शायांतल्या आम्लाने आणि लोहाने कागद जळून त्याला भोके पडतात. बाखच्या हस्तलिखितांवर बर्लिनच्या ग्रंथालयाला फार नाजूक उपचार करावे लागले: कागदाचा पन्ना उभा चिरून दोन पापुद्रे वेगळे करायचे आणि मध्ये नवा आधार घालायचा. शिवाय ही शाईसुद्धा उजेडाला अजिंक्य नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ची मूळ प्रत लोह-शाईने लिहिलेली. १८४१ ते १८७६ अशी ३५ वर्षे ती वॉशिंग्टनमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेली होती. आज तिच्यावरची अक्षरे जेमतेम वाचता येतात. सर्वांनी पाहावी म्हणून टांगली, आणि पाहण्यासाठी लागणाऱ्या उजेडानेच तिची शाई उडवली.

कार्बनची शाई उजेडाने उडत नाही. भारतातल्या पोथ्यांची काजळी-डिंकाची शाई, चीन-जपानमधली सरसात बांधलेली शाईची वडी आणि आजची प्लॅटिनम कार्बन ही एकाच कुळातली. प्लॅटिनमची शाई आणि सेलरची किवागुरो या फाउंटन पेनसाठी मुद्दाम केलेल्या आहेत. त्यांत रंगकण अतिसूक्ष्म असून पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. वाळल्यावर त्यांच्यावरून जलरंगाचा हात निर्धास्त फिरवता येतो. लाखेने बांधलेली, चित्रकलेच्या दुकानात मिळणारी इंडिया इंक मात्र फाउंटन पेनात कधीही भरू नये. ती आत वाळली की पेन संपले. सूक्ष्म कणांच्या शायाही पेन आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर नळीत बसतात. रोज वापर, घट्ट टोपण आणि वरचेवर साध्या पाण्याने धुणे ही त्यांची अट आहे. अंतिम आणि टिकाऊ हे दोन्ही गुण या शाईत एकत्र येतात, पण त्यांची किंमत नित्य सेवेने मोजावी लागते. नूडलर्सच्या काही शाया तिसरा मार्ग घेतात: त्यांतले रंजक कागदातल्या सेल्युलोजशीच जोडले जाते. जलरंगाच्या कागदावर सरसाचा जाड लेप असेल तर शाई तंतूपर्यंत पोचत नाही आणि वरची उरलेली शाई ओल्या हाताने पसरते. त्यामुळे बाटलीवरच्या मजकुरापेक्षा स्वतःच्या कागदावरची चाचणी महत्त्वाची. एकाच पट्टीवर रेषा काढून अर्धी झाकायची, उरलेली अर्धी महिनाभर खिडकीत ठेवायची, आणि दुसऱ्या पट्टीवर एका दिवसाने पाणी फिरवायचे. यापेक्षा खात्रीची परीक्षा घरी करता येत नाही.

पेनाची निवड रेषेच्या दुसऱ्या गुणाशी, म्हणजे अंतिमतेशी, अधिक जोडलेली आहे. १८८४ साली लुईस वॉटरमनने पेटंट घेतलेल्या रचनेपासून तत्त्व तेच राहिले: बारीक खाचांतून केशाकर्षणाने शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. टाकाने काम करताना काही रेषांनंतर दौतीकडे वळावे लागे आणि त्या वळण्यात क्षणभर विचाराला जागा मिळे. फाउंटन पेनाने ती सक्तीची विश्रांती काढून टाकली. निब कागदाला टेकवून हात थबकला तर तिथे शाईचा डाग वाढत जातो. ठामपणाइतकाच संकोचही कागदावर नोंदला जातो, आणि पेन्सिलीत लपवता येणारी ही नोंद इथे लपत नाही. जपानी निबा त्याच मापाच्या युरोपीय निबांपेक्षा बारीक असतात. तपशिलाच्या, वास्तूच्या रेखाटनाला त्या सोयीच्या. सेलरच्या फुदे निबेचे टोक वर वळवलेले असते, त्यामुळे पेन उभे धरले की बारीक आणि आडवे केले की रुंद रेषा मिळते. पायलट फाल्कनची निब दाबाला प्रतिसाद देते. लामी सफारीची पोलादी निब जवळपास ताठ. तिच्यात रेषेची जाडी बदलत नसल्याने हाताचे सगळे लक्ष दिशेकडे राहते. शिकणाऱ्याला ही ताठ निबच अधिक योग्य, कारण तिच्यात चुकीचे खापर साधनावर फोडायला जागा उरत नाही. अशा दोन पेनांत, एकात पाण्याने न हलणारी आणि एकात पसरणारी शाई भरून, रेखाटनाची बहुतेक सगळी गरज भागते. त्यापुढचा संग्रह हा अपरिग्रहाचा प्रश्न आहे, चित्रकलेचा नव्हे.

चुकलेल्या रेषेचे काय करायचे? धर्मशास्त्रात याला समांतर असा विचार प्रायश्चित्ताच्या चर्चेत सापडतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अजाणता झालेल्या आणि जाणूनबुजून केलेल्या पापांत भेद केला आहे. पहिले प्रायश्चित्ताने जाते. दुसऱ्यात प्रायश्चित्ताने माणूस लोकव्यवहाराला पात्र होतो. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' टीकेत हा भेद विस्ताराने उलगडला. कृत्य नाहीसे होते असा दावा दुसऱ्या बाबतीत केलेला नाही. कृत्यानंतर जगण्याची वाट दिली आहे. शाईचे रेखाटनही हीच वाट घेते. चुकलेल्या रेषेशेजारी बरोबर रेषा काढली जाते, आणि डोळा दोन्ही पाहून दुसरीवर विश्वास ठेवतो. रेम्ब्रांने काही रेखाटनांत नको असलेल्या रेषा पांढऱ्या रंगाने झाकल्या. पुष्कळ ठिकाणी मात्र त्या उघड्या ठेवून वरून जाड, ठाम रेषा ओढली. दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, आणि चित्र म्हणूनही तो बहुधा सरस ठरतो, कारण त्यात आकार सापडत जाण्याची क्रिया दिसते.

टिकणे शाईवर किती अवलंबून आहे, याचे मराठीतले उदाहरण देहूचे आहे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि १३ दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. डिंकात बांधलेली काजळी पाण्यात मुरली की सुटते, हे त्या काळच्या कोणत्याही लेखकाला ठाऊक असणार. म्हणूनच ती घटना चमत्कार म्हणून सांगितली गेली. अभंग लोकांच्या मुखी होते, ते कशानेच बुडणार नव्हते, असाही तिचा अर्थ लावला जातो. दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे: शब्दांचे टिकणे शाईच्या स्वभावावर सोडलेले नाही. रेखाटनाला मात्र ही मोकळीक नाही. अभंग एका मुखातून दुसऱ्या मुखात गेला तरी तोच अभंग राहतो, रेषेची नक्कल केली की ती दुसऱ्या हाताची रेषा होते. म्हणून चित्रकाराला द्रव्याची काळजी कवीपेक्षा जास्त करावी लागते.

ही काळजी किती करायची हे चित्र कुठे राहणार यावर ठरते. स्वतःच्या वहीतली पाने बहुतेक वेळ मिटलेली असतात. तिथे रंजकाची शाईही दीर्घकाळ रंग धरते, आणि पसरणाऱ्या शाईतून मिळणारे शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. भिंतीवर लागणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या चित्राचे तसे नाही. तिथे कार्बनची किंवा उजेडाला टिकणाऱ्या रंगकणांची शाई आणि आम्लरहित कागद हे घेणाऱ्याप्रती असलेले कर्तव्य आहे. उडणारी शाई वापरायचीच असेल तर घेणाऱ्याला तसे विक्रीपूर्वी सांगायला हवे.