माफी कोणाच्या खात्यातून?

"हॉवर्ड दुष्ट असता तर प्रश्नच नव्हता," आत्या म्हणाली. "दुष्टाचा निवाडा करायला अक्कल लागत नाही."

जनरल ऑलिव्हर हॉवर्ड. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना १८६२ मध्ये उजवा हात गमावलेला देवभक्त माणूस, गुलामगिरीचा विरोधक. युद्धानंतर मुक्त गुलामांसाठी सरकारने काढलेल्या ब्युरोचा प्रमुख. ऑक्टोबर १८६५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर जाऊन त्याला तिथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगावं लागलं की ही जमीन तुमची नाही, जुन्या मालकांना परत जाणार आहे.

त्याच वर्षी जानेवारीत सवाना शहरात जनरल शर्मनने २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? उत्तर दिलं ६७ वर्षांच्या गॅरिसन फ्रेझरने; १,००० डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवून घेतलेला माणूस. जमीन द्या, आमचं आम्ही कमावून खाऊ, असा त्याच्या बोलण्याचा रोख. चार दिवसांत हुकूम निघाला, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं किनाऱ्यालगत वसली. मग लिंकनचा खून झाला, आणि नवा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनीही परत केल्या.

"दुसरं काय करणार होता?" माझ्यातला वकील जागा झालाच. "सहा लाखांवर माणसं मेलेली. हरलेले कुठे परदेशी जाणार नव्हते. शिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे देशद्रोह्याचीही मालमत्ता फार तर त्याच्या हयातीपुरती जप्त होते, मुलाबाळांचा हक्क जात नाही. ही अट लिंकनलासुद्धा मोडायची नव्हती."

"कायदा एवढा हळवा कोणासाठी रे? १८६२ मध्ये वॉशिंग्टनमधले गुलाम सोडवले, तेव्हा सरकारने माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली ती मालकांना. राबलेल्याला देश सोडून जायचं असेल तर १०० पर्यंत. इथेच राहायचं असेल तर काहीच नाही!"

"मान्य. तरी समेटाशिवाय देश चालला असता?"

"समेट करावा ना. पण क्षमा कोणी करायची? हॉवर्ड एडिस्टोच्या लोकांना म्हणाला, मालकांना क्षमा करा. त्यांनी त्याला लेखी उत्तर दिलं. तुमचा युद्धात फक्त हात गेला, तुम्ही क्षमा कराल कदाचित. पण मला झाडाला बांधून ३९ फटके मारणारा, माझ्या आईला-बहिणीला उघडं करून मारणारा, आणि आजही त्याच्या अटीवर पेरणी केल्याशिवाय रिकाम्या झोपडीत टेकू न देणारा, त्याला मी क्षमा करू शकत नाही. असा त्याचा आशय. जॉन्सनने दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढून दानधर्म केला."

"अध्यक्ष माफी देतो ती राष्ट्राविरुद्धच्या गुन्ह्याला. फटक्यांना नव्हे."

"मग तेवढीच द्यायची. फाशी टळली, तुरुंग टळला, एवढं पुरे होतं. बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, त्याच्यावर शेवटपर्यंत खटला चालला नाही. माझी त्याबद्दलही तक्रार नाही. जमीन का परत दिली?"

यावर मला नीट उत्तर नव्हतं. मी बाजू बदलली. "जमीन टिकली असती का पण? एप्रिल १८७३ मध्ये लुईझियानात कोलफॅक्सला गोऱ्यांच्या टोळीने शरण आलेल्या कृष्णवर्णीयांनाही गोळ्या घातल्या. १८७७ नंतर केंद्राचं सैन्य पाठीशी राहिलं नाही. अशा ठिकाणी नुसता सातबारा काय कामाचा?"

"आणि त्याच १८७३ साली आपल्या जोतिबांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांना सोडवलं म्हणून. सुटकेची ती दाद खरीच होती. सुटकेनंतरचा हिशेब वेगळा." ती जरा थांबली. "सातबारा हातात असलेल्या माणसाला निदान मालकाच्या दारात करार करायला जावं लागत नाही."

"मग हॉवर्डने करायचं तरी काय? जमिनी परत जाऊ नयेत म्हणून त्याने आधी परिपत्रक काढलं होतं. जॉन्सनने ते फिरवलं."

"राजीनामा द्यायचा."

"आणि ब्युरोच्या शाळा? त्याच्या जागी जॉन्सनचा माणूस आला असता तर त्याही बुडाल्या असत्या."

"बरं, मग निरोप पोचवायचा आणि गप्प बसायचं. क्षमेचा उपदेश तरी करायचा नाही."

"आणि शिपाई लोकांना हुसकवायला लागले म्हणजे?"

"तेव्हा राजीनामा."

"तेव्हा तो कोणाच्या उपयोगी पडला असता, आत्या?"

"कोणाच्याच नाही," ती म्हणाली. "पण आधी दिला असता तर तू म्हणतोस त्या शाळांचं काय झालं असतं, हेही मला सांगता येत नाही."