वालधुनीकाठची न्याहारी

पकवान डाळीत मऊ पडायच्या आत खायचं असतं. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये रविवारी सकाळी दाल-पकवानच्या गाडीपाशी उभं राहिलं की हे कुणी सांगावं लागत नाही. टोचे मारून तळल्यामुळे न फुगलेलं, जिऱ्याचं ते खरपूस पकवान बोटांत कटकन मोडतं. वर वाफाळती चणाडाळ, चिंचेची नि पुदिन्याची चटणी, चिरलेला कांदा. मध्येच फोन आला आणि बोलत राहिलात, तर पुढ्यात उरतो तो निराळाच पदार्थ. म्हणून गाडीभोवतीची माणसं घास तोंडात असताना फारशी बोलत नाहीत. त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

असं लक्ष देणं शिकायला लोक इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात जातात, दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळतात. त्या साधनेबद्दल मला मनापासून आदर आहे. प्रश्न पडतो तो घरी परतल्यानंतरचा. तिथे कमावलेलं लक्ष रोजच्या गल्लीत, रोजच्या जेवणात उतरलं नाही, तर ते कशासाठी कमावलं?

कॅम्प ५ ची गल्ली या कामाला पुरेशी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही इथल्या पत्त्यात बराकीचा नंबर असतो. जमीन, दुकान, घर सगळं मागे राहिलं. रीत मात्र सोबत आली. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी आपल्या दारी आलेला उन्हातून आलाय, त्याला तहान लागली असेल, एवढं भान सोडलं नाही. मिऱ्यांच्या पापडाचा तो तिखट, कुरकुरीत तुकडा जिभेवर ठेवताना मला प्रत्येक वेळी हे आठवतं.

इथून रिक्षाने थोड्याच वेळात अंबरनाथचं शिवमंदिर येतं. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली आहे. अनवाणी पायऱ्या उतरताना तळव्यांना दगडाचा गारवा लागतो, बाहेरचा गलका वर राहतो. घाईने दर्शन उरकणाऱ्याला यातलं काही मिळत नाही.

आणि याच मंदिराला लागून वालधुनी नदी वाहते. खरी परीक्षा तिच्या काठावर होते. पुलावर रिक्षा आली की रुमाल नाकाला जातो, माझाही जातो. ज्या नाकाने पुदिना टिपला त्याच नाकाने हा वास टिपायचा नाही, असं ठरवलं तर ती एकाग्रता नव्हे, ती निवडक झोप. औद्योगिक सांडपाणी, शहराचा मैला, जीन्स धुण्याच्या कारखान्यांतलं निळसर पाणी वर्षानुवर्षं याच पात्रात गेलं. २०१४ साली टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे काठावरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावं लागलं. मनःशांतीच्या नावाखाली हे सगळं बाजूला सारायला शिकवणारे मला पटत नाहीत. जिवंत इंद्रियं सुख देतात तशी साक्षही देतात, आणि ती साक्ष शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या कामी यायला हवी.

काठावर राहणाऱ्या बायकांना पाण्याचा बदललेला वास सगळ्यांच्या आधी कळतो. भल्या पहाटे भांडी घासताना घशाला खवखव सुटते, डोळे चुरचुरतात. असं झालं की तेव्हाच लिहून ठेवावं: किती वाजता, कुठल्या पुलापाशी, पाण्याचा रंग कसा होता, फेस होता का. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना नुसतं ‘नदीला वास येतो’ न म्हणता हे तपशील द्यावेत, आणि खाली एकट्याच्या नव्हे, सगळ्या बराकीच्या सह्या घ्याव्यात.