इरावतीकाठची तूर

२०२५ च्या जानेवारीत लासूर स्टेशनच्या मोंढ्यात तुरीच्या ढिगापाशी उभा होतो. आडत्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, ओल किती ते सांगितलं आणि मोबाइलकडे बघत म्हणाला, "काका, मुंबईला लेमन उतरलीय. भाव काही वर जात नाही आता." शेजारच्या शेतकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. लिंबाचा आणि तुरीच्या भावाचा काय संबंध, असा तो चेहरा होता. लेमन म्हणजे ब्रह्मदेशातून येणारी तूर. व्यापारात तिचं नाव तेच पडलं आहे.

ब्रह्मदेशाचं 'म्यानमार' हे नाव १९८९ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीनं ठरवलं. मी जुनंच वापरतो. आपल्या घरांत तो देश ब्रह्मदेश म्हणूनच आला. थिबा राजा रत्नागिरीत आणून ठेवला होता म्हणून, आणि टिळक मंडालेला होते म्हणून. १८८५ च्या युद्धात राज्य गेलेला थिबा तीस वर्षं रत्नागिरीत राहिला आणि १९१६ मध्ये तिथंच वारला. १९०८ ते १९१४ टिळक त्याच्या जुन्या राजधानीत कैदेत होते. यापलीकडे मराठी माणसाला त्या देशाचं फारसं काही माहीत नसतं, आणि आपण खातो त्या वरणातली डाळ कधी कधी तिथली असते हेही माहीत नसतं.

मंडाले, मागवे आणि सगाईंग हा ब्रह्मदेशाचा कोरडा पट्टा. अराकानच्या डोंगररांगेमागे पडल्यामुळे मोसमी पाऊस तिथवर पोचेपर्यंत दमतो, जसा सह्याद्री ओलांडून आपल्याकडे येताना दमतो. आमच्या गंगापूरचं आणि सगाईंगचं आभाळ एकाच जातीचं. म्हणून पीकही तेच. फरक इतकाच, की आपण तूर खातो आणि विकतो, त्यांच्याकडे ती खाण्यात फारशी नाही. तिथला शेतकरी ती पिकवतो मुख्यतः भारतासाठी. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याकडे तूर मातीमोल झाली तेव्हा दिल्लीनं वर्षाला दोन लाख टनांची आयातमर्यादा घातली. इथं थोडं हायसं वाटलं. तिकडे त्याच निर्णयानं हजारो कुटुंबांच्या तुरीचा भाव पडला. त्यांची दिल्लीत कुणाशी ओळख नव्हती, आणि त्यांच्या बाजूनं भांडायला त्यांचं सरकारही फारसं कामाचं नव्हतं.

मग १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. निवडून आलेली संसद बसायच्या दिवशीच सेनापती मिन आँग लाइंग यांनी सत्ता घेतली आणि आँग सान सू ची यांना अटक केली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, जून २०२१ मध्ये, भारतानं ब्रह्मदेशाशी डाळींचा करार केला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं. असेच करार मोझांबिक आणि मलावीशीही झाले, म्हणजे मुद्दाम जनरलांना हात दिला असं म्हणता येत नाही. डाळ महाग झाली की सरकारं घाबरतात, एवढंच त्यामागचं कारण. पण ज्यांच्या रानातली तूर मोजली त्या सगाईंगच्या लोकांनीच लष्कराविरुद्ध सुरुवातीपासून चिवटपणे शस्त्र उचललं. त्या पट्ट्यातली गावंच्या गावं जाळली गेली. ११ एप्रिल २०२३ ला तिथल्या पाझीजी गावात लोक जमलेले असताना विमानातून बॉम्ब टाकले गेले आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. करार चालूच राहिला. जानेवारी २०२४ पासून तर डॉलरशिवाय, रुपया आणि ब्रह्मी क्यात यांतच पैसे चुकते करायची सोय झाली.

सरहद्दीपलीकडच्या माणसांबद्दल हे लिहिताना मला कायगाव आठवतं. आमच्या गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, अलीकडे कायगाव, पलीकडे टोका आणि प्रवरासंगम. आज पुलावरून गाडी सुसाट जाते आणि आपण नगर जिल्ह्यात शिरलो हे कळतही नाही. पण १९४८ पर्यंत ती सरहद्द होती. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज, आणि शेवटचं वर्षभर पलीकडे स्वतंत्र भारत. नात्यागोत्याची माणसं दोन्ही काठांवर होती, सोयरिकी नदी ओलांडूनच व्हायच्या. रझाकारांचा जाच वाढला तसे लोक पलीकडे गेले आणि तिकडच्यांनी त्यांना ठेवून घेतलं. आमच्या आजोबांच्या तोंडी 'वलांडून गेले' असा शब्द होता, त्यात परदेशी गेल्याचा भाव नव्हता.

मिझोरमच्या चंफाई जिल्ह्यात अशीच तियाऊ नावाची नदी आहे. अलीकडे झोखावथर, पलीकडे ब्रह्मदेशातला चिन प्रांत. मिझो आणि चिन हे एकाच वंशवेलीचे लोक. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्रीय गृहखात्यानं ईशान्येच्या राज्यांना कळवलं, की पलीकडून येणाऱ्यांना थांबवा. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहिलं, की ही आमचीच माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवणं आम्हाला जमणार नाही. तीस हजारांहून अधिक माणसं मिझोरमनं सांभाळली. चर्चनं आणि गावांनी तांदूळ गोळा केला. दोन्ही बाजूंना सोळा किलोमीटरपर्यंत मोकळी ये-जा करण्याची जुनी मुभा होती. ती बंद करत असल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं जाहीर केलं. दिल्लीतून पाहणाऱ्याला १,६४३ किलोमीटरची रेघ दिसते. ती सरहद्द १९६७ च्या करारानं कागदावर पक्की झाली, पण झोखावथरच्या माणसाला ती कायगावच्या पुलासारखी आहे.

आपली आणखी एक आठवण इथं काढावी लागेल, कारण ती मराठवाड्यानं सोयीनं विसरली आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर आपणही लष्करी अंमलाखाली होतो. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हैदराबादचे लष्करी राज्यपाल म्हणून सुमारे पंधरा महिने कारभार पाहत होते. त्या दिवसांतल्या रक्तपाताचा पंडित सुंदरलाल समितीनं केलेला अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला, तेव्हा सारं आलबेल होतं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण डिसेंबर १९४९ मध्ये चौधरी निघून गेले, मुलकी कारभार आला आणि १९५२ मध्ये आमच्या लोकांनी मतं टाकली. ब्रह्मदेशातही जनरल ने विन १९५८ मध्ये 'काळजीवाहू' म्हणून आले, निवडणूक घेतली आणि १९६० मध्ये सत्ता पंतप्रधान ऊ नू यांच्याकडे परत दिली. तिथं लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. २ मार्च १९६२ ला तेच ने विन पुन्हा आले, ते सव्वीस वर्षांसाठी. चौधरी त्याच साली भारताचे सेनाप्रमुख झाले आणि मुदत संपल्यावर निवृत्त झाले. हा फरक केवळ माणसांच्या स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. चौधरींच्या वर एक मंत्रिमंडळ होतं. ने विन यांच्या वर कुणीच उरलं नव्हतं.

ने विन यांनी दुकानं, गिरण्या, बँका सरकारजमा केल्या, १९६४ मध्ये पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द केल्या. पिढ्यान्पिढ्या तिथं राहिलेले लाखो भारतीय अंगावरच्या कपड्यानिशी परतले. चेन्नईचा बर्मा बझार हा त्यांच्यापैकीच काहींनी उभा केला. १९४९ मध्ये करेन बंडात रंगून पडायची वेळ आली होती तेव्हा नेहरूंनी ऊ नू यांना शस्त्रं पुरवली होती. आता मात्र दिल्ली गप्प राहिली. पदच्युत ऊ नू पुढे भोपाळला येऊन काही वर्षं राहिले. शेजाऱ्याचा माजी पंतप्रधान सांभाळायचा आणि आजच्या राज्यकर्त्याशी सीमेचा करार करायचा, ही कसरत आपण तेव्हापासून करतो आहोत.

त्यानंतर एकदाच आपण बाजू घेतली. १९८८ मध्ये ८ ऑगस्टला रंगूनचे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि सप्टेंबरमध्ये लष्करानं ते आंदोलन गोळ्यांनी मोडलं. तेव्हा आकाशवाणीच्या बर्मी सेवेनं ते सारं बेधडक सांगितलं, पळून आलेल्या मुलांना भारतानं थारा दिला. सू ची तर दिल्लीत शिकलेल्या, त्यांच्या आई भारतात राजदूत होत्या. १९९० ची निवडणूक त्यांच्या पक्षानं जिंकली आणि लष्करानं निकाल खुंटीला टांगला. मधल्या काळात चीन तिथं रस्ते बांधत होता आणि शस्त्रं विकत होता. १९९३ पासून दिल्लीनं सूर बदलला: १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार, १९९५ मध्ये मणिपूरच्या मोरे इथून व्यापार सुरू. नागा आणि इतर बंडखोरांचे तळ पलीकडच्या जंगलात होते, त्यामुळे जनरलांशी बोलणं भागच होतं, असं तेव्हाचे मुत्सद्दी सांगतात. ते खोटं नाही. पण हाती काय आलं तेही पाहावं. अराकानच्या समुद्रात जो मोठा वायुसाठा सापडला, त्यात आपल्या ओएनजीसी विदेश आणि गेल या कंपन्यांचा हिस्सा होता. बांगलादेशातून नळ टाकून तो इकडे आणायच्या चर्चा वर्षानुवर्षं चालल्या. शेवटी २०१३ पासून तो वायू नळानं चीनच्या युन्नानला जाऊ लागला. मालकीत वाटा आपला आणि चूल त्यांची.

चीनचा हिशेब वेगळाच. १९६७ मध्ये रंगूनला चिनी लोकांविरुद्ध दंगली झाल्या आणि त्यानंतर बीजिंगनं ब्रह्मी कम्युनिस्ट पक्षाला उघड शस्त्रं आणि माणसं दिली. त्याच काळात ने विन बीजिंगच्या पाहुणचाराला जातच होते. सरकारचं नातं सरकारशी आणि पक्षाचं पक्षाशी, असं चीन सांगायचा, आणि दोन्ही नाती वापरायचा. १९८९ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, त्याच्या तुकड्यांतून वा लोकांची सेना उभी राहिली आणि चीननं तिच्याशीही तितकंच जुळवून घेतलं. २७ ऑक्टोबर २०२३ ला शान प्रांताच्या उत्तर भागात तीन सशस्त्र गटांनी मिळून चढाई केली तेव्हा बीजिंगनं सुरुवातीला डोळेझाक केली, कारण सीमेवरचे ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे त्याला मोडायचे होते. काम झाल्यावर त्यानंच जानेवारी २०२४ मध्ये युद्धविराम घडवला. २०२४ च्या पावसाळ्यात बंडखोरांनी लाशियो शहर घेतलं, तिथलं लष्कराचं मुख्य ठाणंही पडलं; एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या दाबामुळे ते शहर लष्कराला परत मिळालं.

थायलंडनं ब्रह्मदेशाच्या यादाना क्षेत्रातला वायू घेतला, मजूर घेतले आणि सीमेवर निर्वासितांच्या छावण्या चालू दिल्या; १९८४ पासून तिथं माणसं आहेत. आसियाननं १९९७ मध्ये जनरलांना आत घेतलं, एप्रिल २०२१ मध्ये पाच कलमी सहमती केली आणि ती पाळली जात नाही म्हणून सेनापतींना शिखर परिषदेला बोलावणं बंद केलं. त्याचा परिणाम फोटोपुरता. बांगलादेशाला मात्र सर्वांत जड किंमत पडली. १९७८, १९९१-९२ आणि मग २०१७. शेवटच्या खेपेला सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. त्यांना परत पाठवण्यासाठीच्या याद्या ढाक्यानं नेपिडोच्या ब्रह्मी सरकारला पाठवल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये २७१ किलोमीटरची ती सीमा अराकान आर्मी या बंडखोर सेनेच्या हातात गेली. आता ढाक्याला परतीची बोलणी करायची तर ती सीमेवर नसलेल्या सरकारशी की सीमेवर असलेल्या सेनेशी, हा पेच आहे.

माझं म्हणणं या पेचापाशी येतं. ब्रह्मी लष्करानं शेजाऱ्यांना साठ वर्षं एकच गोष्ट विकली: आम्ही नसलो तर हा देश तुकडे तुकडे होईल. प्रत्येक शेजाऱ्यानं ती विकत घेतली. प्रत्यक्षात त्यांच्याच काळात सीमा त्यांच्या हातून सर्वांत जास्त निसटल्या. अराकानच्या किनाऱ्यावरून मिझोरमला जाणारा आपला कालादान मार्ग घ्या. २००८ मध्ये करार, सित्त्वे बंदर मे २०२३ मध्ये सुरू, पण नदीवरचं पलेत्वा गाव जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीनं घेतलं. रस्ता पुरा करायचा तर तिच्याशी बोलावं लागतं. मिझोरमचे एक राज्यसभा खासदार पलीकडे जाऊन बोलूनही आले. बीजिंग हे उघडपणे करतं, दिल्ली ते दबक्या पावलांनी करते आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला तियानजिनमध्ये पंतप्रधान सेनापतींना भेटले. मला या भेटीचा राग नाही. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर मंडालेला मदत पोचवायची तर विमानतळ ज्याच्या ताब्यात होता त्याला विचारावंच लागलं. राग आहे तो डिसेंबर २०२५ पासून लष्करानं जी टप्प्याटप्प्याची निवडणूक घेतली, तिला उद्या आपण लोकशाहीचं प्रमाणपत्र देऊ, याचा. जिथं सगाईंगच्या कित्येक तालुक्यांत मतपेटी पोचूच शकली नाही, तिथल्या निकालाला निकाल म्हणू नये, एवढं तरी आपण पाळावं. गंगापूरच्या लोकांनी पहिलं मत चौधरी गेल्यावर टाकलं होतं, चौधरींनी मांडलेल्या पेटीत टाकलं नव्हतं.

लेमन बंद करा, असं मी म्हणणार नाही. मोंढ्यातले माझे मित्र यावर रागावतील. पण आयात थांबली तर सगाईंगचा शेतकरी आधी मरतो, सेनापती नाही. २०१७ नं ते दाखवलं. मागायचंच तर दिल्लीकडे मागू. तुरीला २०२४-२५ चा हमीभाव ७,५५० रुपये होता आणि २०२५ मध्ये अनेक बाजारांत भाव त्याच्या खाली राहिला, तरी शुल्कमुक्त आयातीची मुदत वाढवून दिली गेली. परदेशातल्या सेनापतीबरोबर पाच वर्षांचा शब्द पाळणाऱ्या सरकारनं आपल्या शेतकऱ्याला दिलेला एका हंगामाचा शब्दही पाळावा.

२०२५ च्या सप्टेंबरच्या पावसानं रानात पाणी साचलं आणि कपाशीतली तुरीची तासं पिवळी पडली. जी उरली ती जानेवारीत मोंढ्यावर येणार होती. ब्रह्मदेशाबरोबरच्या तुरीच्या कराराची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती.