पायधूळ आणि पदपथ

८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवेघाटापासून मोहोळपर्यंतचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सुमारे २२१ किलोमीटरचा आणि पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंतचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग सुमारे १३० किलोमीटरचा. सरकारी कागदांत हे राष्ट्रीय महामार्ग ९६५ आणि ९६५ जी. मात्र या आराखड्यात आपल्या महामार्गांवर सहसा न आढळणारी एक गोष्ट होती : रस्त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी वेगळी वाट. टाळ-मृदंगाच्या गजरात शतकानुशतके चालत आलेल्या पावलांना अभियंत्याच्या नकाशात प्रथमच स्वतःची जागा मिळाली.

या निर्णयाने एक जुना प्रश्न नव्याने पुढे आणला आहे. वारकऱ्याला ही वाट मिळते ती तो विठ्ठलाकडे निघाला आहे म्हणून, की तो पायी चालणारा माणूस आहे म्हणून? पावित्र्य मुक्कामाच्या ठिकाणात असेल, तर पंढरीच्या रस्त्याला वाट द्यावी आणि बाकीचे रस्ते गाड्यांवर सोडावेत. पावित्र्य चालणाऱ्यात असेल, तर रोज शाळेला, बाजाराला, दवाखान्याला पायी निघणाऱ्या प्रत्येकाचं समाज काहीतरी देणं लागतो. मग या प्रश्नाचं उत्तर पंढरपुरापासून दूर, नेरडीगोंड्यासारख्या गावातही द्यावं लागेल.

नेरडीगोंडा हे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे पूर्वीचा सात क्रमांकाचा महामार्ग, आदिलाबाद, गुडीहतनूर, इचोडा करत इथे येतो आणि पुढे निर्मलकडे जातो. गावापासून साधारण बारा किलोमीटरवर कुंतला धबधबा आहे. तिथे कडम नदी सुमारे ४५ मीटर खाली कोसळते आणि महाशिवरात्रीला सोमेश्वराच्या दर्शनाला माणसं लोटतात. तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी अशा चारही भाषा या मुलखात कानावर पडतात. १९५६ पर्यंत किनवटही याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. प्रांतरचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. सरहद्द आखली गेली, सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत.

महामार्गालगतच्या अशा गावात रोज कोण चालतं? दप्तर पाठीवर घेतलेली पोरं चालतात. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला आलेली बाई चालते. दाखल्यासाठी मंडल कार्यालयात खेटे घालणारा शेतकरी शेअर ऑटोतून उतरून पुढचं अंतर पायीच तोडतो. डांबराची कड जिथे संपते आणि मुरूम सुरू होतो, त्या हातभर पट्टीवर ही सगळी माणसं एकामागून एक चालतात. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की खाली उतरायचं, ट्रक गेला की पुन्हा वर यायचं. पावसाळ्यात खाली चिखल असतो, उन्हाळ्यात तापलेली खडी. देशभरात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे पाचातलं जवळजवळ एक. ज्यांच्यामुळे इतर कुणाच्याही जिवाला धोका नव्हता, त्यांच्यातले हे बळी.

आपल्या धर्मपरंपरेत मात्र चालणाऱ्याचा मान फार मोठा. चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना अटन सांगितलं. एका जागी मुळं धरून न बसता फिरत राहणं हाच तिथे साधनेचा भाग. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, विहार पायीच करतात. वारीत तर चालणं हीच पूजा. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा, जात-पात तिथे विचारत नाहीत. समोरच्याच्या पावलांची धूळ कपाळी लावायची, कारण त्या पावलांत देव आहे अशी श्रद्धा.

याच महाराष्ट्रात पायाच्या धुळीचा दुसराही इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' (अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट) या लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याची नोंद केली. अस्पृश्य मानलेल्या माणसाने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांनी विटाळलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल आणि त्यावरून येणाऱ्या सवर्णाला बाधा होणार नाही. एकाच्या पायाची धूळ कपाळी लावायची आणि दुसऱ्याच्या पायाची धूळ झाडून टाकायची, हे दोन्ही धर्माच्याच नावाने चाललं. केरळात वैकोमच्या महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावं, एवढ्या एका गोष्टीसाठी १९२४-२५ मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्याच्या अखेरीस चारपैकी तीनच रस्ते खुले झाले. रस्ता कुणाचा, हा प्रश्न बांधकाम खात्याकडे गेला तो अलीकडे. त्याआधी तो धर्माच्याच दारात पडलेला होता.

आज कमरेला झाडू बांधायला कुणी सांगत नाही. पण ट्रकच्या हॉर्नसरशी जो खाली उतरतो तो बहुतेक वेळा गरीब असतो, बाई असते, मूल असतं, म्हातारा असतो. कुणी कुणासाठी वाट सोडायची, याचा एक अलिखित नियम अजून चालू आहे. तो कुठल्या पोथीत नाही, तरी पाळला जातो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो खुद्द आदिलाबादच्या मातीतून येतो. दरवर्षी पौष अमावास्येच्या सुमारास इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम कुळातले गोंड बांधव गोदावरीचं पाणी आणायला निघतात. जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत ते अनवाणी जातात. पांढरी धोतरं, डोक्याला पांढरी पागोटी, एकामागे एक अशी रांग, गावं ओलांडत आणि रानवाटा तुडवत. याच पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. त्यांना कुणी गुळगुळीत फरशी घालून दिली तर ते घेतील का? कष्ट हाच त्या व्रताचा गाभा आहे. दगड, काटे, थंडी सोसूनच त्या पाण्याला मोल येतं. मग वाट सोपी करणं म्हणजे तपाचा कस कमी करणं नव्हे काय?

आक्षेप खरा आहे, पण तो व्रताला लागू पडतो. व्रताचे कष्ट माणूस स्वतः अंगावर घेतो. त्यासाठी तो संकल्प करतो, त्याचा दिवस ठरलेला असतो, बरोबर कुळातली माणसं असतात, आणि व्रत संपल्यावर तो घरी परततो. सातवीतल्या मुलीने महामार्गाच्या कडेने शाळेत जाण्याचं व्रत घेतलेलं नाही. तिने कसलाही संकल्प सोडलेला नाही. तिचे हाल दुसऱ्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे होतात. स्वखुशीने सोसलेलं ते तप, दुसऱ्याने लादलेलं तो अन्याय. हे दोन्ही एकाच तागडीत टाकले की लादणारा मोकळा सुटतो आणि सोसणाऱ्यालाच सहनशीलतेचा उपदेश ऐकावा लागतो. मेसरामांच्या अनवाणी पायांना खरोखर वंदन करायचं असेल, तर ज्यांना पायी चालण्यावाचून पर्याय नाही त्यांच्या पायांखालचे काटे आधी वेचायला हवेत.

जैन आचारात ईर्यासमिती नावाचा नियम आहे. साधूने पुढची साधारण चार हात जमीन निरखत चालायचं, पायाखाली किडा-मुंगी येऊ द्यायची नाही. बौद्ध संघात वर्षावास आला तोही याच विचारातून. पावसाळ्यात भिक्खूंच्या पायांखाली कोवळं गवत आणि बारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून पावसाळ्यातले तीन महिने त्यांनी फिरती थांबवून एका जागी राहावं असं ठरलं. दोन्ही नियमांत जबाबदारी भारी पावलाची आहे. मुंगीने जपून चालावं असं कुणी म्हटलेलं नाही. हाच नियम महामार्गाला लावून पाहावा. वीस टनांचा ट्रक आणि वीस किलोंचं पोर एका रस्त्यावर आले, तर काळजी कुणी घ्यायची? आपले सुरक्षा सप्ताहांचे फलक मात्र 'सावकाश, जपून रस्ता ओलांडा' असं पोरालाच बजावतात.

रस्ता करणं हे धर्मकृत्य आहे, ही कल्पना या भूमीला नवी नाही. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याची, आमराया केल्याची, विहिरी खणल्याची आणि विश्रांतीस्थानं बांधल्याची नोंद आहे. आधीच्या राजांनीही प्रजेला अशी सुखं दिली, पण आपण हे केलं ते लोकांनी धम्माने वागावं म्हणून, असंही तो त्यातच सांगतो. म्हणजे त्याच्या लेखी सावली ही धम्माची शिकवण होती. पंढरपूरला महाद्वारात नामदेवाची पायरी आहे. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी तिथे समाधी घेतली, असं परंपरा मानते. जवळच चोखोबांची समाधी आहे. मोठ्या संताची शेवटची इच्छा दुसऱ्यांच्या पायांखालचा दगड होण्याची असावी, यापेक्षा रस्त्याचं मोठं तत्त्वज्ञान कोणतं?

आणि झाडू. जो झाडू एकेकाळी कमरेला बांधून अपमानासाठी वापरला गेला, तोच गाडगेबाबांनी हातात घेतला. बाबा गावात शिरत ते रस्ता झाडतच. दिवसभर झाडलोट करायची आणि रात्री कीर्तनात लोकांना खडसावायचं, असा त्यांचा परिपाठ. त्यांनी यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी झोपडीही मागे ठेवली नाही. विदर्भातून तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव पोचली. त्यांच्या 'ग्रामगीते'त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना वेगळे अध्याय आहेत. देवळाइतकाच गावचा रस्ता हा भक्तीचा विषय आहे, हे या दोघांनी आपल्या भाषेत सांगून ठेवलं आहे.

आता कायदाही त्याच बाजूला आला आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं. दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ हवेत, असंही म्हटलं. त्याआधी २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात याच न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागांवर नवी बेकायदा प्रार्थनास्थळं उभारू देऊ नयेत, असं बजावलं होतं. चालत्या माणसाची वाट अडवून देवाला बसवलं, तर तो देव कुणाचा? चबुतरा, मांडव, कमान, मग ती कुठल्याही धर्माची असो, पदपथावर आली की म्हातारी डांबरावर उतरते. पाहुण्यांना जेवायला बसवून घरच्या लेकरांना उपाशी उठवावं, तसाच हा प्रकार.

मग नेरडीगोंड्यासारख्या गावात नेमकं काय करायचं? इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांविषयीची मार्गदर्शिका, आय.आर.सी. १०३, पदपथाची अडथळ्याविना किमान रुंदी १.८ मीटर सांगते. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघून जातील एवढी ही जागा. विजेचा खांब, झाड, दुकानाची पायरी, हातगाडी हे सगळं या १.८ मीटरच्या बाहेर. कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको, कारण गुडघे दुखणारा माणूस उंच पदपथावर चढतच नाही, तो खालूनच चालतो. जिथे गल्ली लागते तिथे उतार द्यायचा. शक्य असेल तिथे पदपथ सलगच ठेवायचा आणि गाडीने तो ओलांडायचा. गटारावर टाकलेली फरशी हलती राहिली तर तीच सापळा ठरते, म्हणून ती पक्की बसवायची. बस थांबते तिथून शाळा, बाजार आणि दवाखाना या तीन ठिकाणांपर्यंत एकही तुकडा न सोडता वाट जोडायची. मध्येच संपणारा पदपथ माणसाला नेमक्या धोक्याच्या जागी आणून सोडतो. महामार्गावर लोक जिथून रोज ओलांडतात तिथेच ओलांडणीची सोय हवी, अर्धा किलोमीटर वळसा घालायला लावून नव्हे. आदिलाबादचं वैशाख-ज्येष्ठाचं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला सावली ही शोभेची वस्तू वाटणार नाही. कडुनिंब, करंज, वड ही झाडं त्या मातीतलीच आहेत.

फेरीवाल्यांचं काय, हा प्रश्नही धर्माचाच. भाजीवाल्या बाईला हाकलून मोकळी केलेली वाट न्यायाची ठरणार नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यातही त्यांना जागा देण्याची तरतूद आहे. आखणी करतानाच त्यांच्यासाठी वेगळी पट्टी सोडली, तर चालणारा आणि विकणारा दोघांचंही भलं होतं, कारण गिऱ्हाईक पायीच येतं. रस्ता चालणाऱ्यांना देता येतो, याचं उदाहरणही आहे. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या सुमारे ऐंशी हजार वस्तीच्या शहराने १९९९ नंतर जुन्या वस्तीतली मोटारींची वर्दळ जवळजवळ बंद केली आणि रस्ते चालणाऱ्यांच्या हवाली केले. आधी कुरकुर झाली, पण शहर आजही त्याच वाटेवर आहे.

हे काम कोण मागणार? महामार्ग प्राधिकरण महामार्ग पाहतं, पंचायत गल्ल्या पाहते आणि दोघांच्या हद्दीमधली ती हातभर पट्टी कुणाचीच नसते. म्हणून पहिलं पाऊल ग्रामसभेचं. शाळेच्या वेळेला शिक्षक, पालक आणि पंच यांनी मिळून ती वाट एकदा चालून बघावी, अडतं कुठे ते नकाशावर मांडावं, आणि ठराव करून प्राधिकरणाला व जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. देवस्थान समित्यांनी आपल्या कमानी आणि मांडव पदपथावर येणार नाहीत, असं त्याच सभेत लिहून द्यावं. ठरावाची एक प्रत केसलापूरलाही न्यावी. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात नागोबाच्या जत्रेत प्रजादरबार भरू लागला, आणि जिल्ह्याचे अधिकारी तिथे लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. अनवाणी चालून गेलेल्या माणसांच्या जत्रेत पायी चालणाऱ्यांची मागणी मांडली, तर ती तिथे परकी वाटणार नाही.